एलडीएच वाढलंय म्हणजे नेमकं काय झालंय?

मानेतली किंवा काखेतली गाठ काढून तपासली आणि रिपोर्टवर ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’ असं लिहून आलं, की दोन-तीन दिवसांत रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी हातात पडते. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लिव्हर हे शब्द आता घरोघरी ओळखीचे झालेत. त्या यादीतलं एक नाव मात्र बहुतेकांनी कधी ऐकलेलं नसतं: एलडीएच. आणि रिपोर्ट येतो तेव्हा नेमका तोच आकडा ठळक छापलेला असतो, पुढे ‘हाय’ची खूण असते. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो फिरतो, कुणीतरी नेटवर शोधाशोध करतं आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिला प्रश्न येतो, “डॉक्टर, एलडीएच सहाशे आहे. म्हणजे चौथी स्टेज का?”

स्टेज ठरते ती मुख्यतः पेट-सीटी स्कॅनवरून. एलडीएचवरून स्टेज सांगता येत नाही. पण त्या आकड्याकडे लक्ष गेलं हे योग्यच झालं. त्याचा अर्थ लावायचा तर रिपोर्टच्या कागदापासून सुरुवात करून मागे मागे जात थेट पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचावं लागतं.

त्याआधी एक गैरसमज बाजूला करू. ‘ट्यूमर मार्कर’ म्हटलं की प्रोस्टेटसाठी पीएसए, आतड्यासाठी सीईए, अंडाशयासाठी सीए-१२५ अशी नावं आठवतात. आक्रमक लिम्फोमासाठी तसा स्वतःचा, नावाजलेला मार्कर नेहमीच्या लॅबमध्ये नाही. ‘फुल बॉडी’ पॅकेजमधल्या मार्करांनी लिम्फोमा सापडत नाही, आणि ते सगळे नॉर्मल आले म्हणून लिम्फोमा नाही असंही म्हणता येत नाही. कधी कधी तर त्यांनी दिशाभूल होते. लिम्फोमामुळे पोटात किंवा छातीत पाणी झालं तर सीए-१२५ वाढतं, कारण तिथल्या अस्तराच्या पेशी डिवचल्या गेल्या की त्या ते बनवतात. मग एखाद्या बाईची अंडाशयाच्या कॅन्सरसाठी तपासणी सुरू होते आणि खऱ्या निदानाला उशीर होतो. लिम्फोमात रक्तातून आपण जे मोजतो ते बहुतेक सगळं अप्रत्यक्ष असतं: पेशी किती आहेत, किती घाईने वाढताहेत, किती मरताहेत आणि आजूबाजूला काय संदेश पाठवताहेत, याच्या खुणा.

आता हा आजार. आपल्या रक्तात आणि लसिका ग्रंथींत बी-पेशी असतात. प्रतिपिंडं बनवण्याचं काम त्यांचं. या बी-पेशींपैकी एक बिघडते आणि आपल्यासारख्याच पेशींची फौज उभी करते, तेव्हा बी-पेशींचा लिम्फोमा होतो. त्याचे प्रकार पुष्कळ. काही इतके संथ की वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. आक्रमक प्रकारांत सर्वांत जास्त आढळतो तो डिफ्यूज लार्ज बी-सेल, ज्याला डॉक्टर ‘डीएलबीसीएल’ म्हणतात. त्याच्याहून कितीतरी वेगवान असतो बर्किट लिम्फोमा. त्यातल्या पेशींची संख्या साधारण एका दिवसात दुप्पट होऊ शकते.

एलडीएच म्हणजे लॅक्टेट डीहायड्रोजिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम. ते शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. पेशी साखर फोडते तेव्हा ग्लुकोजपासून पायरुवेट तयार होतं. तिथून पुढे दोन वाटा आहेत. पहिली वाट मायटोकाँड्रियात जाते. तिथे ऑक्सिजनच्या मदतीने साखरेतली ऊर्जा पुरेपूर काढली जाते. दुसऱ्या वाटेवर एलडीएच उभं असतं. ते पायरुवेटचं लॅक्टेट करतं आणि त्या ओघात एनएडी नावाचा रेणू मोकळा करून देतं. हा रेणू मोकळा झाला नाही तर साखर फोडण्याचं कामच थांबतं. जोरात धावताना स्नायू हीच दुसरी वाट वापरतात, कारण तेवढा ऑक्सिजन त्यांना मिळत नाही.

कॅन्सरच्या पेशी मात्र भरपूर ऑक्सिजन असतानाही हीच वाट धरतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी हे १९२०च्या दशकात दाखवून दिलं. यातून ऊर्जा कमी मिळते, मग पेशी असं का करते? वाढणाऱ्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही, तिला बांधकामाचं साहित्य लागतं. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर डीएनए, पडदे, प्रथिनं सगळंच दुप्पट करावं लागतं. साखर अर्धवट फोडली की तिचे तुकडे त्या कामाकडे वळवता येतात, आणि तो ओघ चालू ठेवायचा तर एनएडी सतत मोकळं होत राहिलं पाहिजे. पेट स्कॅनमध्ये लिम्फोमाच्या गाठी उजळून दिसतात त्या याच साखरेच्या भुकेमुळे. तिथे किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोज शिरेतून देतात आणि ते कुठे ओढलं जातं ते पाहतात. एलडीएचचा आकडा आणि पेट स्कॅनवरचे उजळ डाग एकाच भुकेची खबर देतात, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून.

पण एलडीएचचं काम पेशीच्या आत असतं. मग ते रक्तात कसं येतं? पेशी फुटली की. वेगाने वाढणाऱ्या गाठीत रोज असंख्य पेशी जन्मतात आणि असंख्य मरतातही. रक्तपुरवठा पोचत नाही तिथे तर ढिगाने मरतात. म्हणजे रक्तातला आकडा तीन गोष्टींवर ठरतो: एकूण पेशी किती, प्रत्येक पेशीत एलडीएच किती, आणि त्यातल्या किती फुटताहेत. गुऱ्हाळाचा धूर लांबून पाहिला की चुलाण पेटलंय हे कळतं, जाळ किती आहे याचा अंदाज येतो. काहिलीत काय शिजतंय ते धुरावरून कळत नाही. एलडीएचचं तसंच आहे.

तरीही या अंदाजाची किंमत मोठी आहे. १९९३ साली अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या कॅन्सर केंद्रांनी मिळून आक्रमक लिम्फोमाचा एक निर्देशांक तयार केला. ‘आयपीआय’ या नावाने तो आजही रोज वापरला जातो. त्यात प्रत्येकी एका गुणाच्या पाचच बाबी आहेत: वय साठच्या वर, स्टेज तिसरी किंवा चौथी, एलडीएच मर्यादेपेक्षा जास्त, लसिका ग्रंथींबाहेर एकापेक्षा जास्त जागी आजार, आणि रोग्याची हिंडण्याफिरण्याची ताकद कमी. या पाचांत रक्ताची तपासणी एकच, आणि ती जवळपास कुठल्याही जिल्ह्याच्या गावी, काहीशे रुपयांत होणारी. २०१४मध्ये अमेरिकेतल्या केंद्रांनी या निर्देशांकाची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात एलडीएच नुसतं वाढलंय एवढंच पाहत नाहीत, ते मर्यादेच्या तिपटीच्या आत आहे की बाहेर हेही मोजतात.

‘मर्यादेच्या पट’ का मोजायचे, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. एलडीएच मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत लॅक्टेटचं पायरुवेट होण्याचा वेग पाहतात, दुसरीत उलट दिशेचा. उलट दिशेच्या पद्धतीत तेच रक्त साधारण दुप्पट आकडा दाखवतं. म्हणून एका लॅबमध्ये वरची मर्यादा अडीचशेच्या आसपास असते, तर दुसरीकडे साडेचारशेच्या पुढे. आधी गावातल्या लॅबमध्ये ४२० आलं आणि नंतर शहरातल्या लॅबमध्ये २३०, म्हणून आजार निम्म्यावर आला असं समजू नये. कदाचित काहीच बदललेलं नसेल. आकड्याशेजारी त्या लॅबची मर्यादा छापलेली असते. तिने आकड्याला भागून पाहावं, आणि जमेल तितकं एकाच लॅबमध्ये तपासावं.

दुसरी गोष्ट ट्यूबची. लाल रक्तपेशींमध्ये एलडीएच रक्तद्रवापेक्षा शंभरपटीहून जास्त असतं. शीर सापडली नाही, सुई हलवत बसावं लागलं, सिरिंजने जोरात ओढलं किंवा ट्यूब खळखळून हलवली, की थोड्या लाल पेशी फुटतात आणि आकडा वाढतो. ट्यूब फिरवून घेतल्यावर वरचा द्रव पिवळसर असण्याऐवजी गुलाबी दिसतो. चांगली लॅब रिपोर्टच्या तळाशी ‘हिमोलाइज्ड सॅम्पल’ अशी ओळ लिहिते. ती ओळ वाचायची सवय लावून घ्या. अशा नमुन्यात पोटॅशियमही खोटं वाढलेलं दिसतं. दोन्ही एकदम वर असतील आणि रोग्याला त्रास काहीच नसेल, तर रक्त पुन्हा घ्यायला सांगायला संकोच करू नये.

आणि एलडीएच वाढवणारी दुसरी कारणंही आपल्याकडे भरपूर आहेत. बी-१२ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत अस्थिमज्जेतल्या अर्धवट घडलेल्या रक्तपेशी आतल्या आत फुटतात आणि एलडीएच हजारोंत जाऊ शकतं. शाकाहारी घरांत ही कमतरता किती आढळते हे वेगळं सांगायला नको. यकृताचा दाह, हृदयविकाराचा झटका, मलेरिया, स्नायूंची इजा, क्षय, या सगळ्यांत ते वाढू शकतं. म्हणूनच एलडीएचवरून लिम्फोमाचं निदान कधीच होत नाही. निदान गाठीच्या बायोप्सीने पक्कं झालं की मगच हा आकडा बोलू लागतो.

इथे थोडं थांबून बोललंच पाहिजे, कारण आपल्याकडे या टप्प्यावर फार नुकसान होतं. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं आणि आपोआप बसतं. तेव्हा गाठ म्हटली की लोक थांबून पाहतात, आणि दोनेक आठवडे थांबायला हरकत नसते. पुढे मात्र बऱ्याचदा क्षयाचा संशय घेऊन औषधं सुरू होतात किंवा सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड दिलं जातं. स्टिरॉइडने लिम्फोमाच्या पेशी खरोखर मरतात. गाठ लहान होते, ताप जातो, भूक लागते, घरच्यांना हायसं वाटतं. काही आठवड्यांनी आजार उसळून येतो, आणि मधल्या काळात घेतलेल्या बायोप्सीत मेलेल्या पेशींखेरीज काही सापडत नाही. नुसत्या बारीक सुईने घेतलेल्या नमुन्यावर लिम्फोमाचा प्रकार ठरवणंही अवघड. शक्य असेल तर पूर्ण गाठ काढून द्यावी. गाठीचं निदान होण्याआधी स्टिरॉइड सुरू करू नका, ही एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

रक्तातल्या दुसऱ्या खुणांपैकी युरिक अ‍ॅसिड महत्त्वाचं. पेशी मरते तेव्हा तिच्या डीएनएचे तुकडे मोडत मोडत शेवटी त्याचं युरिक अ‍ॅसिड होतं. म्हणून वेगवान लिम्फोमात औषध सुरू होण्याआधीच ते वाढलेलं असू शकतं. खरा धोका औषध सुरू झाल्यावर असतो. बर्किटसारख्या आजारात पहिल्या डोसने इतक्या पेशी एकदम फुटतात की युरिक अ‍ॅसिड, पोटॅशियम आणि फॉस्फेट वर उसळतात, कॅल्शियम खाली जातं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हृदयाचा ठोका बिघडू शकतो. याला ट्यूमर लायसिस म्हणतात. त्यासाठी आधीपासून भरपूर सलाइन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल देतात. धोका मोठा असेल तर रासब्युरिकेज नावाचं औषध, जे युरिक अ‍ॅसिड थेट मोडून टाकतं. ते देण्याआधी जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता नाही ना हे पाहावं लागतं, नाहीतर लाल पेशी धडाधड फुटतात. आणि ते दिल्यावर तपासणीसाठी रक्त घेतलं तर ट्यूब ताबडतोब बर्फात ठेवावी लागते, कारण औषध ट्यूबमध्येही काम करत राहतं. तसं न केल्यास रिपोर्टमध्ये युरिक अ‍ॅसिड खोटं कमी दिसतं. एलडीएचच्या ट्यूबचं याच्या उलट: ती फ्रिजमध्ये ठेवू नये, थंडीने एलडीएचचे काही प्रकार निकामी होतात. एकाच रोग्याच्या एकाच सकाळच्या दोन ट्यूब, आणि त्यांना सांभाळायच्या तऱ्हा दोन.

बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे आणखी एक नाव यादीत असतं. बहुतेक सगळ्या पेशींच्या पृष्ठभागावर हे छोटं प्रथिन असतं, तिथून निसटून रक्तात येतं आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. ते वाढलेलं असेल तर आजाराचा भार जास्त असण्याची शक्यता असते. मात्र क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

आता रक्तातून पेशीत शिरू. आक्रमक लिम्फोमाची पेशी इतकी भुकेली का, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर निरोगी बी-पेशीच्याच आयुष्यात आहे. जंतूचा शिरकाव झाला की लसिका ग्रंथीत बी-पेशींची एक तात्पुरती कार्यशाळा उभी राहते. तिला जर्मिनल सेंटर म्हणतात. तिथे बी-पेशी काही तासांत एकदा या वेगाने दुणावतात, आणि आपल्याच प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम बदल करतात. त्यातून जंतूला अधिक घट्ट चिकटणारं प्रतिपिंड निघालं तर ती पेशी टिकते, नाहीतर मरते. या कामासाठी तिला दोन असाधारण सवलती मिळालेल्या असतात. एक, झपाट्याने वाढण्याची. दुसरी, डीएनएत बिघाड होऊनही लगेच न थांबण्याची: बीसीएल-६ नावाचं प्रथिन पी-५३ या पहारेकऱ्याला तेवढ्यापुरतं गप्प ठेवतं. शरीराने स्वतःहून, मर्यादित काळासाठी, कॅन्सरच्या पेशीला हवं असतं ते जवळजवळ सगळं इथे दिलेलं असतं. ही सवलत वेळेवर परत घेतली गेली नाही की लिम्फोमा होतो.

ती कशी अडकून राहते याचा सर्वांत स्वच्छ दाखला बर्किट लिम्फोमाचा. डेनिस बर्किट हे आयरिश सर्जन युगांडातल्या कंपाला इथे काम करत होते. जबड्याला गाठी आलेली लहान मुलं त्यांनी पाहिली आणि १९५८मध्ये या आजाराचं वर्णन छापलं. पुढे लंडनमधलं त्यांचं व्याख्यान ऐकून अँथनी एप्स्टाइन यांनी त्या गाठींचे नमुने मागवले. १९६४मध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या पेशींत एक विषाणू दिसला, तोच आज एप्स्टाइन-बार म्हणून ओळखला जातो. १९८२मध्ये आतली घडामोड कळली. आठव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून चौदाव्याला जोडला जातो, आणि त्यामुळे ‘मिक’ नावाचं जनुक प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी येऊन बसतं. बी-पेशीत प्रतिपिंडाचं जनुक सतत जोरात चालू असतं. शेजारी आलेलं मिकही मग तसंच चालू राहतं. निरोगी पेशीत मिकला थोड्या वेळासाठी परवानगी मिळते. इथे ते बंदच होत नाही.

मिक करतं काय? ते शेकडो जनुकांना एकदम कामाला लावतं: साखर आत ओढणारी, डीएनएचं साहित्य बनवणारी, प्रथिनांचे कारखाने वाढवणारी. आणि त्या जनुकांत एक असतं एलडीएच बनवणारं. मिक एलडीएचचं जनुक थेट चालू करतं, हे १९९७मध्ये अमेरिकेतल्या ची डँग यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. रिपोर्टवरच्या त्या ठळक आकड्याची एक वाट अशी मागे केंद्रकातल्या एका अडकलेल्या जनुकापर्यंत जाते.

डीएलबीसीएलमध्ये मिकची अशी मोडजोड साधारण दहा ते पंधरा टक्के रोग्यांत सापडते. त्याच्याच जोडीला बीसीएल-२ या जनुकाचीही मोडजोड असेल तर डॉक्टर ‘डबल हिट’ म्हणतात. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. एक जनुक पळायला लावतं, दुसरं मरण अडवतं. अशा आजाराला नेहमीचे उपचार बऱ्याचदा अपुरे पडतात. हे नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाही. त्यासाठी गाठीच्या तुकड्यावर ‘फिश’ ही तपासणी करावी लागते. ती खर्चीक आहे म्हणून टाळली जाते, पण जिथे शक्य आहे तिथे ती करून घ्यावी.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये केआय-६७ असाही एक आकडा असतो, टक्क्यांत. दुणावण्याच्या चक्रात असलेल्या पेशींमध्येच हे प्रथिन दिसतं. जर्मनीतल्या कील शहरात १९८३मध्ये त्याची ओळख पटवणारं प्रतिपिंड तयार झालं. कील हे गाव आणि प्रयोगशाळेतल्या प्लेटवरचा ६७वा खळगा, यांवरून हे नाव. बर्किटमध्ये हा आकडा शंभराच्या जवळ असतो. डीएलबीसीएलमध्ये चाळीसपासून नव्वदपर्यंत काहीही असू शकतो. ऐंशी टक्के वाचून पुष्कळांना धडकी भरते. पण हे ‘ऐंशी टक्के कॅन्सर पसरला’ असं नसून त्या तुकड्यातल्या ऐंशी टक्के पेशी वाढीच्या चक्रात आहेत एवढंच त्यातून कळतं. आणि आपली बहुतेक केमोथेरपी वाढीच्या चक्रातल्या पेशींवरच जास्त चालते.

सगळ्या डीएलबीसीएलची वाढ मिकच्या जोरावर होते असं मात्र नाही. २०००मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हजारो जनुकांचं काम एकदम तपासलं, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या या आजारात दोन जाती निघाल्या. एक जर्मिनल सेंटरमधल्या पेशीसारखी, दुसरी तिथून बाहेर पडून प्रतिपिंड बनवायच्या तयारीतल्या पेशीसारखी. हिला एबीसी म्हणतात. एबीसीचा जोर वेगळ्या जागी आहे. बी-पेशीच्या पृष्ठभागावर जंतू ओळखणारा एक ग्राहक असतो. जंतू चिकटला की तो आत खबर देतो, ती बीटीके या प्रथिनातून पुढे जात एनएफ-कप्पा-बीपर्यंत पोचते, आणि पेशीला ‘जग, वाढ’ असा हुकूम मिळतो. एबीसीमध्ये जंतू नसतानाही ही खबर चालूच राहते. कधी ग्राहकाच्या शेपटीत, सीडी-७९बीमध्ये बदल असतो, तर कधी एमवायडी-८८ या दुसऱ्याच प्रथिनात. त्यातला एक ठरावीक बदल साधारण तीस टक्के एबीसी रोग्यांत मिळतो.

या हुकमाचा परिणाम पुन्हा रक्तात उतरतो. एनएफ-कप्पा-बी चालू झालं की पेशी इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-१० नावाचे संदेश बाहेर सोडते. ते संदेश तिच्याच पृष्ठभागावर येऊन तिलाच आणखी जगायला सांगतात, आणि शरीरभर फिरून संध्याकाळचा ताप, अंथरूण भिजवणारा घाम आणि वजनातली घट यांना हातभार लावतात. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरलं का, हे डॉक्टर म्हणूनच खोदून विचारतात. ती या संदेशांची बिनखर्चाची मोजणी आहे. इंटरल्युकिन-१० मोजण्याचा खरा उपयोग मेंदूतल्या लिम्फोमात होतो. तिथे बायोप्सी अवघड असते आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात ते वाढलेलं सापडलं तर संशय बळावतो. जपानमध्ये इंटरल्युकिन-२च्या ग्राहकाचा रक्तात सुटलेला तुकडा नेहमीच्या तपासणीत मोजतात. आपल्याकडे ती पद्धत रुळलेली नाही.

हे सगळं कळल्यावर वाटतं, मग तो हुकूम तोडणारं औषध दिलं की काम झालं. तसा प्रयत्न झाला. बीटीके अडवणारं आयब्रुटिनिब हे औषध, आजार परत आलेल्या एबीसी रोग्यांना दिलं तेव्हा ३७ टक्क्यांत गाठी कमी झाल्या. जर्मिनल सेंटरच्या जातीत फक्त ५ टक्क्यांत. जातीचा फरक खरा ठरला. पण नव्या रोग्यांत नेहमीच्या उपचाराला ते जोडून पाहिलं, तेव्हा २०१९मध्ये छापलेल्या मोठ्या चाचणीत एकंदर फायदा दिसला नाही. साठच्या आतल्यांना तो झाल्यासारखा दिसला, वयस्कर रोग्यांना मात्र त्रास इतका झाला की नेहमीचे डोसही पुरे करता आले नाहीत. त्यामुळे डीएलबीसीएलचा पाया आजही आर-चॉपसारखाच उपचार आहे: रिटुक्सिमॅब, तीन केमोची औषधं आणि स्टिरॉइड, दर २१ दिवसांनी. एवढ्यावर दहातले साधारण सहा रोगी कायमचे बरे होतात. चौथ्या स्टेजचेही त्यात असतात, म्हणून स्टेजचा आकडा ऐकून हातपाय गाळू नयेत.

उपचार चालू असताना एलडीएच खाली येणं ही चांगली खूण. पण मध्येच ते वर गेलं तर घाबरण्याआधी एक गोष्ट विचारा: पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं होतं का? त्या इंजेक्शनने अस्थिमज्जा जोमाने कामाला लागते आणि एलडीएच काही दिवस वाढतं. आजार किती हटला याचा खरा निवाडा पेट स्कॅनच करतो.

या सगळ्यापेक्षा नेमकी खूण आता पुढे येते आहे. मरणाऱ्या लिम्फोमा पेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात तरंगतात. प्रत्येक रोग्याच्या लिम्फोमात प्रतिपिंडाच्या जनुकाची जुळणी त्याची एकट्याची असते, म्हणून ते तुकडे ओळखता येतात. हे तुकडे दोनेक तासांत निम्मे होतात, त्यामुळे आकडा आजचीच स्थिती सांगतो. २०१८मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की केमोच्या पहिल्या फेरीनंतर हे प्रमाण शंभरपट खाली आलं तर पुढची वाटचाल बरीच चांगली असते. बायोप्सी न करता मिक किंवा एमवायडी-८८चे बदलही यातून वाचता येतात. लिम्फोमाचा स्वतःचा मार्कर म्हणावा असा हा पहिलाच. महाग आहे, आणि आपल्याकडे अजून रोजच्या वापरात नाही.

उपचार संपल्यावर दर महिन्याला एलडीएच करून घेणारे रोगी पुष्कळ. त्यामागची भीती मी समजू शकतो. पण त्रास काही नसताना केलेल्या या तपासणीत खऱ्या इशाऱ्यांपेक्षा खोटे इशारे जास्त निघतात. साधा व्हायरल ताप येऊन गेला तरी आकडा हलतो आणि आठवडाभर घराची झोप उडते. नवी गाठ, ताप, घाम, वजन यांकडे लक्ष ठेवणं जास्त उपयोगाचं. परतणारा आजार बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत परततो. निदानापासून दोन वर्षं निर्विघ्न पार पडली की पुढचं आयुर्मान सर्वसाधारण लोकांच्या फार जवळ जातं.

आणि गाठ परत आल्यासारखी वाटली, एलडीएच वाढलं, स्कॅन उजळला, तरी उपचार बदलण्याआधी शक्य असेल तर पुन्हा बायोप्सी करायचीच. ती गाठ क्षयाची निघू शकते. केमोनंतर प्रतिकारशक्ती उतरलेली असते आणि स्कॅनवर क्षयही तितकाच उजळतो. लिम्फोमाच असेल तर त्याच्या पृष्ठभागावर आता काय उरलंय हे पाहावं लागतं. रिटुक्सिमॅबनंतर काही गाठी त्याचं लक्ष्य असलेलं सीडी-२० हे प्रथिन गमावतात. कार-टी, म्हणजे रोग्याच्याच टी-पेशी बदलून परत देण्याचे उपचार, सीडी-१९ हे लक्ष्य धरून चालतात. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलमध्ये घडलेल्या नेक्सकार-१९ या अशाच उपचाराला २०२३च्या ऑक्टोबरमध्ये भारतात परवानगी मिळाली. असा उपचार द्यायचा तर सीडी-१९ जागेवर आहे का, हे नव्या तुकड्यावरच समजतं. पहिल्या बायोप्सीचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइड हॉस्पिटलकडून मागून घ्या, कोरड्या, उन्हापासून दूरच्या जागी जपून ठेवा, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या फाइलसोबत बरोबर न्या.